धुकं नेमकं कुणाचं? पाच अमेरिकन बहिणी, ‘शाळा’तली शिरोडकर आणि आमच्याकडचं ‘स्थळ’

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, म्हणजे एसटीत रेंज नसताना किंवा ऑफिसात मॅनेजरच्या नकळत, त्यांच्यासाठी हा भाग लेखी. बोलताना शंभर वेळा “म्हणजे” आलं होतं, ते काढलंय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी एकच प्रश्न पाठवला होता. इन्स्टावर ज्या रील्स फिरतात ना, उन्हात केस चमकणाऱ्या गोऱ्या मुली, सगळं फिकट पिवळं, मागं उदास म्युझिक, खाली कुणीतरी लिहिलेलं “गर्लहूड”, तो पिक्चर कोणता? आणि त्यात एवढं काय आहे की वीस-पंचवीस वर्षांनंतरही लोक त्याचे तुकडे कापून लावतात? दोन्हीचं उत्तर देते. पण ते देताना मी अमेरिकेतून निघून चंद्रपूर जिल्ह्यात पोचणार आहे, तेवढी तयारी ठेवा.

पिक्चरचं नाव ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’. नावातच विषय आहे, म्हणून आधीच सांगते, त्या भागाच्या तपशिलात मी जाणार नाहीये. आणि तुमचे स्वतःचे दिवस जड चालले असतील तर हा भाग नंतर वाचा, आधी कुणाशी तरी बोला. टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

सोफिया कोपोलाचा हा पहिला मोठा सिनेमा, १९९९ मध्ये कान महोत्सवात दाखवलेला. जेफ्री युजेनिडीसच्या १९९३ च्या कादंबरीवरून केलेला. सत्तरच्या दशकातलं मिशिगन राज्य, नीटनेटकी वस्ती, प्रत्येक घरापुढं हिरवळ. तिथं लिस्बन कुटुंबातल्या पाच बहिणी राहतात, तेरा ते सतरा वयाच्या. वडील शाळेत गणित शिकवतात, आई कडक आहे. चौथी बहीण लक्स एका रात्री शाळेच्या डान्सनंतर घरी वेळेवर येत नाही आणि मग सगळ्याच बहिणींची शाळा बंद. घर बंद. गाण्याच्या रेकॉर्ड्स आई जाळायला लावते. ही आई, बाय द वे, आपल्याकडं कुठंही सापडेल. फक्त रेकॉर्डच्या जागी मोबाइल ठेवा.

गोष्ट एवढीच. मग ते स्वप्नासारखं का वाटतं?

कॅमेऱ्याच्या बाजूनं उत्तर सोपं आहे. ऊन मुलींच्या मागून येतं, त्यामुळं चेहऱ्याच्या कडा विरघळतात. रंग धुतलेल्या कापडासारखे. आकाशावर मुलीचा चेहरा तरंगतो. फ्रान्सच्या ‘एअर’ नावाच्या बँडचं संगीत संथ आणि गोल, कुठं सुरू झालं कळत नाही. कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये आज यातलं अर्धं एका फिल्टरनं होतं, म्हणून तर रील्स निघतात.

पण खरं उत्तर आवाजात आहे. ही गोष्ट बहिणी सांगत नाहीत. समोर राहणारी मुलं सांगतात, आणि तीही मोठी पुरुष झाल्यावर, आठवून. “मी” नाही, “आम्ही”. ही मुलं दुर्बिणीतून त्यांच्या खिडक्या बघतात, एका बहिणीची डायरी मिळवून वाचतात, त्यांच्या बारीकसारीक वस्तू पुराव्यासारख्या जपून ठेवतात. घर बंद झाल्यावर फोन लावून रिसीव्हरजवळ गाणी वाजवतात, पलीकडून बहिणी गाणं वाजवून उत्तर देतात. तो सीन खरंच सुंदर आहे, कितीही वेळा बघितला तरी. पण इतकं सगळं गोळा करूनही त्या मुलांना काहीच कळत नाही.

आम्ही इंजिनिअर लोक म्हणू, त्यांच्याकडं नुसते लॉग आहेत, सोर्स कोड नाही. अमुक वाजता खिडकीत दिसली. तमुक रंगाचा ड्रेस होता. सिस्टीम क्रॅश झाली हे लॉगमध्ये दिसतं, का झाली ते आत बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आत कुणी बघूच दिलेलं नाही. ती सगळी धूसरता, ते सोनेरी धुकं, ते मुलींचं नाहीये. बघणाऱ्यांचं आहे. जे कळत नाही त्याला त्यांनी सुंदर करून ठेवलंय. माझ्या मते कोपोलाला हे पक्कं माहीत आहे, म्हणून मधेच ती एखादा क्षण असा टाकते की धुकं फाटतं. लक्स पहाटे मैदानावर एकटीच जागी होते, प्रकाश निळा, थंड, आणि तिच्यावर मरणारा मुलगा निघून गेलेला. तिथं सोनेरी काही नाही.

रील्स बनवणारे हा शॉट सहसा घेत नाहीत. घेतलाच तर त्यावरही गाणं टाकतात.

आता आपल्याकडं या. मराठीत पौगंडावस्थेवरचे सिनेमे बरे आहेत, खूपच बरे आहेत. ‘शाळा’, ‘फँड्री’, ‘किल्ला’, ‘विहीर’. यादी बघा आणि मला सांगा, यांतला कुठला पिक्चर मुलीचा आहे?

‘शाळा’ घ्या. मिलिंद बोकीलांची कादंबरी, सुजय डहाकेचा सिनेमा, २०१२ च्या जानेवारीत थिएटरला लागला, त्याआधीच्या वर्षाचं उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, आणि त्याची ‘लाईन’ शिरोडकर. लक्षात घ्या, आपण तिला आजही आडनावानंच ओळखतो. केतकी माटेगावकरनं तिला इतकं गोड केलंय की एक अख्खी पिढी तिच्या प्रेमात होती. पण शिरोडकर घरी गेल्यावर काय करते? आईशी भांडते का? जोशीबद्दल मैत्रिणीला काय सांगते? काही माहीत नाही. ती जिना चढताना दिसते, वळून बघते, हसते, आणि एक दिवस गावातूनच जाते. लॉग, लॉग, लॉग.

‘फँड्री’तली शालू तर जवळपास बोलतच नाही. जब्या तिच्याकडं बघतो आणि त्या बघण्यात त्याच्या जातीची सगळी भिंत आपल्याला दिसते, ते नागराज मंजुळ्यांचं बळ आहे आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. गोष्ट जब्याची आहे, शालूची नाही, आणि जब्याची गोष्ट सांगायला हवीच होती. माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की ‘शाळा’ प्रामाणिक आहे, चौदा वर्षांच्या पोराला मुलीच्या मनातलं खरंच कळत नाही, तर सिनेमानं का दाखवावं? पटतं मला. एक सिनेमा म्हणून शंभर टक्के पटतं. पण दहातले नऊ सिनेमे दुर्बिणीच्या याच टोकाला असले की दुसऱ्या टोकाला जी राहते तिला वाटायला लागतं, आपल्याला आतून काही नसतंच बहुतेक.

दुसऱ्या टोकाचं थोडं सांगते. मी वर्धा जिल्ह्यातली. शाळा तालुक्याला, गाव आत. मुलींना एसटीचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास असतो, बारावीपर्यंत. तो पास म्हणजे आमचं सगळं जग होतं. खिडकीची सीट, दोन वेण्या, बाहेर पऱ्हाटीचे पट्टे, आणि चौघींमध्ये एक इअरफोन, आळीपाळीनं. ते दिवस स्वप्नासारखे होते का? होते की. पण त्याच बसस्टॉपवर पोट्टे उभे असायचे आणि त्यांच्या डोक्यात त्यांचा ‘शाळा’ चालू असायचा. एखादा रोज बसमागं गाडी काढायचा. त्याला ते प्रेम वाटायचं. आम्हाला पोटात गोळा. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, एकाच वेळी. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला जे घडलं ते तुम्ही विसरला नसाल, मी त्याचा तपशील इथं देणार नाही. त्या आठवड्यात मी पुण्यात होते आणि आई दिवसातून चारदा फोन करायची, नुसतं “पोचली का?” विचारायला. तेव्हापासून पाठलागाचं रोमँटिक गाणं मला पूर्ण बघवत नाही. बाकीच्यांनी बघावं, माझा आग्रह नाही.

आणि बारावीला तो पास संपतो. गंमत बघा, आमच्याकडं साधारण तिथूनच दुसरी गोष्ट सुरू होते.

त्या दुसऱ्या गोष्टीवरचा पिक्चर म्हणजे ‘स्थळ’. जयंत दिगंबर सोमलकर दिग्दर्शक, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात चित्रित झालेला, आणि पडद्यावरचे बहुतेक चेहरे तिथल्याच भागातले, याआधी कधी कॅमेऱ्यापुढं न आलेले. २०२३ च्या सप्टेंबरात टोरंटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, तिथं नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडं थिएटरात आला तो ७ मार्च २०२५ ला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी. नंदिनी चिकटेनं सविता केलीय. सविता कॉलेजात आहे, बीए, समाजशास्त्र. तिला शिकायचंय, स्पर्धा परीक्षा द्यायचीय. घरच्यांना तिचं लग्न करायचंय. तिचे वडील दौलतराव वांढरे, कापसाचे शेतकरी. ते काम तारानाथ खिरटकरांनी केलंय, आणि मी त्यांच्यासारखे किमान सहा काका ओळखते.

सविता तांत्रिक अर्थानं ‘टीनएज’ नाही, थोडी पुढची आहे. पण आमच्याकडं मुलीची किशोरावस्था वयानं संपत नाही, कार्यक्रमानं संपते. ज्या दिवशी पहिले पाहुणे येतात त्या दिवशी.

पिक्चर सुरू कसा होतो ते सांगते, हा स्पॉयलर नाही, पहिल्या काही मिनिटांतलंच आहे. पाहण्याचा कार्यक्रम आहे. पण उलटा. बायका पाहुण्या म्हणून बसल्यात आणि समोर मुलगा. त्या त्याला विचारतायत, तो मान खाली घालून उत्तरं देतोय. थिएटर हसतं. मग कळतं की हे सवितेचं स्वप्न होतं. ती उठते, आणि उरलेला सिनेमा जागेपणी चालतो.

हे मला फार मोठं वाटतं. आत्तापर्यंत बोललो त्या सिनेमांत मुलगी कुणाच्या तरी स्वप्नात असते. इथं स्वप्न तिचं आहे, आणि त्या स्वप्नात ती काय मागते? राजकुमार नाही, परदेश नाही. फक्त खुर्च्यांची अदलाबदल. प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला बसायला मिळावं, एवढंच तिचं स्वप्न. हसून झाल्यावर पोटात कालवतं ते यामुळं.

मग खरे कार्यक्रम सुरू होतात. एक, दोन, तीन… दरवेळी जवळजवळ तेच. पुरुषांची रांग बसलेली. मुलगी येते, समोर बसते. नाव काय? शिक्षण काय? उंची किती? छंद काय? सविता त्याच सपाट आवाजात तीच उत्तरं देते. मग पाहुणे उठतात आणि घर वाट बघत बसतं. उंची कमी म्हणून, रंग सावळा म्हणून, कधी हुंड्याच्या आकड्यावरून गाडं अडतं. सोमलकरांनी इथं जे केलंय ते म्हणजे सरळ सरळ एक लूप लिहिलाय. फंक्शन तेच, इनपुट बदलतं, आउटपुट तेच. पहिल्या वेळेला आपण हसतो, दुसऱ्या वेळेला थोडं कमी, आणि चौथ्या वेळेला ती पुन्हा येऊन बसली की “नको ना रे” असं आपल्याच तोंडून निघतं. एवढ्या वेळा दाखवायची गरज होती का, असं एका परीक्षणात वाचलं. अहो, तोच तर पिक्चर आहे. एकदा दाखवलं असतं तर तो किस्सा झाला असता. सारखं घडत राहतं तेव्हा ती मुलगी आतून हळूहळू बंद होत जाते, आणि ते बघायला तेवढा वेळ बसावंच लागतं.

मी कॅम्पस प्लेसमेंटला बसलेली आहे. एकोणीस कंपन्यांनी नाही म्हटलं, विसाव्यानं घेतलं. तिथंही रांग, तिथंही तेच प्रश्न, स्वतःबद्दल सांगा वगैरे. फरक काय? तिथं मी सुधारू शकत होते. डेटा स्ट्रक्चर कच्चं होतं, घासून पक्कं केलं. उंची कशी घासून वाढवू?

आता कापूस. या पिक्चरमधलं कापसाचं प्रकरण पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना नुसती पार्श्वभूमी वाटली असेल, म्हणून इथं थोडं थांबते.

वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती हा कापसाचा पट्टा. वेचणी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. कापूस घरात येतो आणि भाव बरा नसेल तर घरातच राहतो. गोदाम कुणाकडं आहे? एक खोली रिकामी करायची आणि छतापर्यंत कापूस भरायचा. २०२२ च्या सुरुवातीला भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. लोकांनी ते बघितलं आणि पुढच्या हंगामात कापूस धरून ठेवला, पुन्हा दहा हजार होतील म्हणून. झाले नाहीत. २०२३-२४ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,०२० रुपये, पुढच्या वर्षी ७,५२१. बाजारात व्यापारी बऱ्याचदा त्याच्याही खाली मागतो, ओलावा दाखवतो, कवडी कापूस म्हणतो.

लहानपणी कापसाच्या खोलीत उड्या मारल्यात तुम्ही कधी? आमच्याकडच्यांनी मारल्या असतील. छतापर्यंत पांढरं, आवाज गिळून टाकणारं, आत पडलं की जगाचा आवाज बंद. कोपोलाला ती खोली दाखवली असती तर तिनं तिथून कॅमेरा हलवला नसता. आणि दोन तासांनी अंगभर खाज. कापसात बारीक किडे होतात, फेब्रुवारी-मार्चपर्यंत तर सगळं घर खाजवत असतं. आजी म्हणायची, लक्ष्मी चावून राहिली.

तर घरात एका खोलीत कापूस, दुसऱ्या खोलीत लग्नाची पोरगी, आणि बाप दोन्हींसाठी कुणी गाडी घेऊन येईल का म्हणून रस्त्याकडं बघत बसलेला. व्यापारीही तेच करतो ना, मूठभर कापूस उचलून बोटांनी धागा ओढून बघतो आणि तोंड वाकडं करतो. कापूस विकला तर लग्न. लग्न ठरलं तर पडेल त्या भावानं कापूस. सवितेचे वडील खलनायक नाहीत, हे पिक्चरनं फार नीट सांभाळलंय. पाहुण्यांपुढं हात जोडणाऱ्या त्या माणसाला बघताना राग कुणावर काढायचा तेच कळत नाही. त्याच घरातला मोठा भाऊ लग्नाचा आहे, तो मुलगी बघायला जातो तेव्हा खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला असतो. आणि कॉलेजात स्त्री सक्षमीकरणाचा धडा शिकवला जातो, मुली वहीत उतरवून घेतात. तो धडा शिकवणाऱ्या सरांचं पुढं काय होतं ते तुम्हीच बघा. शेवट तर मी अजिबातच सांगणार नाही.

सगळं काही मला आवडलं असं नाही. मधला थोडा भाग मुद्दा सिद्ध करायच्या घाईत आहे. एकाच घरावर सगळे प्रश्न येऊन पडतात, भाव, कर्ज, हुंडा, रंग, परीक्षा. खरं तर येतातच एकदम, पण सिनेमात ते यादीसारखं वाटू शकतं. आणि सवितेच्या मैत्रिणींबरोबरचे क्षण मला अजून हवे होते. जिथं त्या नुसत्या टाइमपास करतायत, हसतायत, कुणाच्या तरी नावानं चिडवतायत, तिथं पिक्चर एकदम श्वास घेतो.

माझी मामेबहीण पुलगावजवळच्या गावात राहते. एकोणीसची आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. यंदा तिच्याकडं पाहुणे यायला सुरुवात झाली. मामा वाईट नाही हो. मामाला शुगर आहे, दीड एकर वावर गहाण आहे, आणि त्याला आपल्या डोळ्यांदेखत पोरीचं व्हावं असं वाटतं. “पोरगा सर्विसले हाय, ताई, आता अजून काय पाहिजे सांग बरं तू?” असं तो मला विचारतो. मला, म्हणजे अठ्ठावीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, पुण्यात एकटी राहणाऱ्या भाचीला, जिचा बायोडाटा त्याच्याच मोबाइलमध्ये उंची, वर्ण, रास, नाडी आणि ‘पॅकेज’सकट पडलेला आहे.

तर या पोरीला घेऊन मी ‘स्थळ’ बघितला. मला वाटलं ती रडेल. ती पहिल्या सीनला इतकी हसली, इतकी हसली, की तिचा ठसका थांबेना. “ताई, याच्यात आपल्याकडचंच बोलून राहिले!” हा पहिला आनंद. आपली बोली पडद्यावर येते ती बहुतेक वेळा विनोदी नोकराच्या तोंडी, इथं ती सगळ्यांचीच बोली आहे, रडणाऱ्यांचीही. दुसरा आनंद तो उलटा कार्यक्रम. इंटरव्हलला ती मला तिचे स्वतःचे प्रश्न सांगत होती, मुलाला विचारायचे. स्वयंपाक येतो का, हा नव्हताच त्यात. एक होता, रागावल्यावर तुम्ही काय करता? एक होता, तुमच्या घरी संडासाला आतून कडी आहे का? मी हसले, ती नाही हसली. मैत्रिणीच्या सासरी नाहीये म्हणे.

उत्तरार्धात ती गप्प झाली. गाडीवर मागं बसून तिनं एवढंच विचारलं, “हे पोरगी पाहायला जाणारे पाहत असतील का गं हा पिक्चर?” मला उत्तर आलं नाही. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा आकडा आहे. म्हणजे जवळजवळ पाचातली एक. त्या हिशेबानं माझी मामेबहीण उशिरा सुरू झालेली केस आहे.

मुलीच्या बाजूनं बघणारा सिनेमा मराठीत याआधी झालाच नाही, असं मात्र मला म्हणायचं नाहीये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ १९९५ चा आहे. गौरी आणि कृष्णा, दोन बहिणी, रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी. गौरीचं लग्न मांडवात असतानाच मोडतं, वऱ्हाडाला अपघात होतो, आणि ती एका दिवसात अपशकुनी ठरते. घर कोसळतं, मामा तिला मुंबईला नेतो. धाकटी कृष्णा हे सगळं बघत बघत मोठी होते. इथंही एक जण बघतेय आणि एक जण बघितली जातेय. पण बघणारी बहीण आहे. तिला अर्धंच कळतं, तरी ते कळणं शरीरातून येतं, कारण उद्या तिची पाळी आहे हे तिला माहीत आहे. हेच अर्धवट कळणं लिस्बन बहिणींच्या शेजारच्या पोरांना सुंदर वाटलं होतं, कृष्णाला ते भीतीदायक वाटतं. ना. धों. महानोरांची गाणी, आनंद मोडकांचं संगीत, आणि त्यातल्या एका गाण्यासाठी अंजली मराठेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. गाणं शोधून ऐका, मोठ्या हेडफोनवर, रात्री. कोरडी जमीन कशी ऐकू येते ते कळेल.

आणि अर्थात ‘सैराट’ची आर्ची. २०१६ मध्ये ती बुलेटवर बसून आली आणि आमच्या गावात मुलींनी केस मोकळे सोडायला सुरुवात केली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आर्ची परश्याकडं उलट रोखून बघते, आणि परश्या नजर खाली घालतो. दुर्बीण तिनं हिसकावून घेतली. पण ती पाटलाची मुलगी होती, तिच्याकडं ट्रॅक्टर होता, तोरा होता, आणि तरी तिचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सवितेकडं यांतलं काहीच नाही.

मग नाही म्हणायची जागा कुठं असते? आमच्याच जिल्ह्यातली एक गंमत सांगते. पवनारला, धाम नदीच्या काठावर, विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. मुख्यतः स्त्रियांसाठी. ज्यांना लग्न न करता, एकत्र राहून, अंगमेहनत आणि साधना करून जगायचंय त्यांच्यासाठी. निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं, प्रमुख कुणी नाही. शाळेची सहल तिथं जायचीच. आम्ही पोरी नदीत पाय बुडवून शेंगदाणे खायचो आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या वयस्कर बायकांकडं बघून एकमेकींना विचारायचो, यांना पाहायला कुणी आलं नव्हतं का? आता वाटतं, त्यातल्या काहींनी घरी केवढी लढाई करून हा दरवाजा उघडला असेल. अर्थात लग्न नको असेल तर ब्रह्मचर्य, हा एवढाच पर्याय माझ्या बहिणीला नकोय. तिला लग्न करायचंय. नंतर. तिनं निवडलेल्या मुलाशी. सध्या तिला मायक्रोबायोलॉजीचा प्रॅक्टिकल द्यायचाय.

म्हणून मला मराठीत अजून एक पिक्चर हवाय, जो अजून झालेला नाही. ‘स्थळ’नं आपल्याला मुलीचं स्वप्न पहिली काही मिनिटं दिलं आणि मग जागं केलं. ते करणं गरजेचं होतं. पण त्या स्वप्नात मला अख्खे दोन तास राहायचंय. आसाममध्ये रीमा दासनं ते केलंय. ‘बुलबुल कॅन सिंग’, २०१८. दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग सगळं तिनंच, स्वतःच्या भागात, तिथल्याच पोरांना घेऊन. बुलबुल, बॉनी आणि सुमन, तिघांची मैत्री. झाडावर चढतात, पाण्यात भिजतात, गवतात पडून राहतात. पुढं गावातले लोक त्यांच्या वागण्याचा निकाल लावतात आणि ते फार वाईट आहे. पण त्याआधी जे ऊन आहे ते बुलबुलचं आहे. कुणी लांबून बघून ते तिच्यावर पाडलेलं नाही. रील बनवायची तर याची बनवा. सबटायटल वाचायचा कंटाळा करू नका, असमिया कानाला दहा मिनिटांत ओळखीची वाटायला लागते.

तसा आमच्या बसचा पिक्चर हवा. चार पोरी, एक इअरफोन, खिडकीतून पऱ्हाटी. मागून येणारी मोटारसायकल दाखवा, दाखवायलाच हवी, पण बसच्या आतून. त्या पोरींना काय ऐकू येतंय ते ऐकवा. तिला परीक्षेची भीती वाटतेय, बाजूचीचा राग आलाय, पाळी आलीय आणि डाग पडलाय का ही चिंता आहे, आणि तरीही बाहेर ढग बघून तिला उगाच छान वाटतंय, हे सगळं एकदम. उदास असू दे, हरकत नाही. फक्त ती उदासी तिची हवी.

कुणी असं काही बनवत असाल, अगदी मोबाइलवर शूट केलेली दहा मिनिटांची शॉर्टफिल्म असली तरी, पाठवा. आलेलं सगळं मी बघते, उत्तर उशिरा देते, कारण स्प्रिंट चालू आहे. आणि एक काम द्यायचंय. माझ्या मामेबहिणीची प्रश्नांची यादी सध्या अकरावर आहे. मुलाला विचारायचा तुमचा एक प्रश्न व्हॉइस नोट करून पाठवा, तीस सेकंदांच्या आत. निवडक नोट्स पुढच्या भागात वाजवेन. मुलांनीही पाठवा. तुम्हाला काय विचारलेलं आवडलं असतं, ते सांगा.

पुढचे पाहुणे येत्या रविवारी आहेत, यवतमाळकडचे. तिनं मामाला सांगून ठेवलंय की दोन प्रश्न ती विचारणार. मामा म्हणाला, “एक विचार.” बोलणी चालू आहेत.